विश्लेषण : फॉरवर्डचा बाण कुठे असावा? मोबाइलच्या पडद्यावरची बटणे आपले वागणे कसे ठरवतात?

व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडीओ पुढे पाठवायला किती वेळ लागतो? दोन सेकंद, फार तर तीन. हा वेळ आपोआप ठरलेला नाही. फॉरवर्डचा बाण कुठे ठेवायचा, तो कधी दिसू द्यायचा, एका दमात किती जणांना पाठवू द्यायचे, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने यातले काही निर्णय खास भारतासाठी बदलले. त्यामागे धुळे जिल्ह्यातील पाच जणांच्या हत्येसह देशभरातील झुंडबळींची मालिका होती. बटणाची जागा आणि मेसेजवरची एक छोटी पाटी यांनी काय फरक पडतो, हे त्या बदलांतून आणि नंतरच्या आकड्यांतून बरेचसे समजते.

राईनपाड्यात काय घडले होते?

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने घेरले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण केली. पाचही जणांचा जीव गेला. त्यांच्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे होते. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे मेसेज त्याआधी परिसरातील मोबाइलवर पोहोचलेले होते.

असे मेसेज त्या काही महिन्यांत अनेक राज्यांत फिरत होते. त्यांतला एक व्हिडीओ मूळचा कराचीतला. तेथील रोशनी हेल्पलाइन या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तो केला होता. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात आणि मूल पळवायला किती कमी वेळ लागतो हे सांगणारा फलक कॅमेऱ्यासमोर धरतात, असा तो व्हिडीओ. भारतात पसरलेल्या आवृत्तीत मूल परत आणल्याचा भाग आणि फलक कापलेला होता. उरले ते फक्त अपहरण.

सगळा दोष मोबाइलच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते खरे नाही. भटक्या समाजांविषयीचा गावकुसातला संशय व्हॉट्सॲपपेक्षा कितीतरी जुना आहे. मात्र त्या संशयाला इतक्या कमी वेळात इतक्या घरांपर्यंत पोहोचवणारे साधन आधी कोणाच्या हाती नव्हते. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने जुलैच्या पहिल्याच आठवड्यात कंपनीला याबाबत सुनावले आणि त्याच महिन्यात पुन्हा एकदा पत्र धाडले.

त्या वेळच्या पडद्यावर काय दिसत होते?

छापील वर्तमानपत्र हाती घेतले की वाचायला सुरुवात करण्याआधीच बऱ्याच गोष्टी कळतात. वर नाव असते, तारीख असते. मोठी बातमी मोठ्या अक्षरांत, किरकोळ बातमी कोपऱ्यात. जाहिरातीला चौकट असते. अग्रलेखाची जागा ठरलेली असते. मजकुराची प्रत काय आहे, कोण बोलतो आहे, याचा अर्धा अंदाज मांडणीच देते.

चॅटमध्ये हे सगळे सपाट होते. बँकेचा मेसेज, आत्याने पाठवलेली रेसिपी, शाळेची सूचना आणि 'सावधान, आपल्या भागात टोळी आली आहे' हा इशारा, सगळे एकाच आकाराच्या फुग्यात, एकाच टंकात, एकाच रंगात येते. वर नाव दिसते ते लिहिणाऱ्याचे नव्हे, आपल्यापर्यंत आणून देणाऱ्याचे. मजकूर कोणाचा हे माहीत नसते, पण तो 'सुरेशकाकांनी' पाठवलेला असतो. काकांवरचा विश्वास मग मजकुराच्या खात्यावर जमा होतो.

जुलै २०१८ पर्यंत तर हा मेसेज काकांनी स्वतः लिहिला की पुढे ढकलला, हे सांगणारी कोणतीही खूण पडद्यावर नव्हती. ईमेलशी तुलना केली की फरक लगेच कळतो. ईमेल फॉरवर्ड केला की आधीच्या पाठवणाऱ्याचे नाव, तारीख, विषय हे सगळे मजकुराच्या वर चिकटून पुढे जाते. तीन हात फिरलेला ईमेल तीन मथळे घेऊन येतो. दिसायला तो गचाळ असतो, पण माग त्यात राहतो. व्हॉट्सॲपने हा गचाळपणा काढून टाकला आणि त्याबरोबर मागही गेला.

दुसरी गोष्ट बाणाची. मजकुराचा साधा मेसेज पुढे पाठवायचा तर त्यावर बोट दाबून धरायचे, मग वरच्या पट्टीतला बाण शोधायचा, अशी रीत होती. फोटो आणि व्हिडीओच्या मात्र शेजारीच झटपट फॉरवर्डचा बाण दिलेला होता. व्हिडीओ पूर्ण पाहण्याची, किंबहुना उघडण्याचीही गरज नव्हती. म्हणजे डोक्यात सर्वाधिक भीती भरू शकणारा मजकूर पुढे ढकलायलाही सर्वांत सोपा होता.

इतक्या छोट्या गोष्टीने फरक का पडतो?

याचे उत्तर ग्राफिकल युजर इंटरफेसच्या, म्हणजे चित्रे आणि बटणे असलेल्या पडद्याच्या, मूळ कल्पनेत आहे. त्याआधी संगणकाला काही करायला सांगायचे तर आज्ञा पाठ असावी लागे आणि ती अचूक टाइप करावी लागे. डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माउस चालवून दाखवला. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात 'आल्टो' हा संगणक तयार झाला आणि १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने खिडक्या, चिन्हे आणि कचऱ्याची टोपली सामान्य ग्राहकाच्या टेबलावर आणून ठेवली. या सगळ्यामागे एक साधे तत्त्व होते : माणसाला आठवायला लावू नका, समोर दाखवा. दिसेल ते तो ओळखेल आणि दाबेल.

या तत्त्वाची दुसरी बाजू अशी की जे समोर दिसत नाही, ते बहुतेकांसाठी अस्तित्वातच नसते. सेटिंगच्या चौथ्या पायरीवर दडलेली सोय आणि नसलेली सोय यांत व्यवहारात फार अंतर उरत नाही.

याला मोजमापाचाही आधार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम आजही इंटरफेस डिझाइनच्या वर्गात शिकवला जातो. लक्ष्य जितके मोठे आणि जितके जवळ, तितका त्यापर्यंत पोहोचायला वेळ कमी. एका हातात धरलेल्या मोबाइलवर 'जवळ' म्हणजे अंगठ्याच्या टप्प्यात. व्हॉट्सॲपने २०२४ मध्ये अँड्रॉइडवरची चॅट, अपडेट, कॉल ही पट्टी वरून खाली आणली, ती याच हिशेबाने. चांगल्या कामासाठी हा नियम वरदान आहे. लिहिता-वाचता न येणारी आजीही फोटोवर बोट ठेवून नातवाला व्हिडीओ कॉल लावते, ते यामुळेच. पण बोटाला सोपे काय हे तो सांगतो, पाठवण्याजोगे काय ते सांगत नाही.

मराठीत फॉरवर्ड जास्त का होतात?

या प्रश्नाची आकडेवारीने सिद्ध झालेली उत्तरे मागू नयेत, पण एक कारण रोजच्या वापरात दिसते. मोबाइलवर देवनागरी लिहिणे सोपे झाले असले तरी सहज झालेले नाही. 'ज्ञानेश्वर' किंवा 'दुसऱ्या' हा शब्द रोमन अक्षरांतून उमटवताना कीबोर्ड काय सुचवेल याचा भरवसा नसतो. 'ॲ' कुठे आहे हे अनेकांना आजही सापडत नाही. इन्स्क्रिप्ट ही देवनागरीची अधिकृत मांडणी शास्त्रशुद्ध आहे, पण ती शिकावी लागते. माइकवर बोलून लिहिण्याची सोय उत्तम, फक्त एसटीत किंवा कार्यालयात ती वापरायला संकोच वाटतो.

चार ओळी लिहायच्या तर दोन मिनिटे, तयार चित्र पुढे पाठवायचे तर दोन सेकंद. पन्नाशीपुढची कितीतरी मंडळी ग्रुपवर बोलतात ती फॉरवर्डमधूनच. शुभ सकाळ, सुविचार, एकादशीच्या शुभेच्छा हे त्यांच्यासाठी 'मी आहे, ठीक आहे' असे सांगणे असते. त्याची टिंगल खूप होते, पण त्यांच्या हाती दिलेल्या पडद्यावर सर्वांत मोठे दार तेच होते. भारतीयांचे फोन या सुप्रभाती चित्रांनी इतके भरू लागले की गुगलने २०१८ च्या सुमारास आपल्या फाइल्स ॲपमध्ये ती शोधून पुसण्याची खास सोय दिली.

व्हॉट्सॲपने काय बदलले?

१० जुलै २०१८ रोजी पुढे पाठवलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी फिकट पाटी दिसू लागली. त्याच महिन्यात एका वेळी किती चॅटना फॉरवर्ड करता येईल यावर मर्यादा घालण्याचे जाहीर झाले : जगासाठी २० आणि भारतासाठी ५. आधी ही संख्या अडीचशेच्या वर होती. फोटो-व्हिडीओशेजारचा झटपट बाण भारतातून काढण्याचेही कंपनीने तेव्हाच सांगितले. त्याचे कारण कंपनीनेच दिले होते. भारतीय लोक जगात सर्वाधिक मेसेज, फोटो आणि व्हिडीओ फॉरवर्ड करतात.

साधा गुणाकार केला तर या मर्यादेचे वजन कळते. तेव्हा एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ सदस्य असत. २५० ग्रुपना एका दमात पाठवले, तर कागदावर ६४ हजार लोक. पाच ग्रुपना पाठवले तर १,२८०. पुन्हा पाच निवडता येतात, त्यावर बंदी नाही. मात्र प्रत्येक वेळी परत मेसेजपर्यंत जाऊन बाण दाबावा लागतो. अडथळा एवढाच.

जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. त्याच वर्षी पाच किंवा अधिक हात फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाणाची खूण आली. मेसेज एन्क्रिप्टेड असताना, म्हणजे कंपनीलाही वाचता येत नसताना, ही मोजणी होते कशी, असा प्रश्न पडतो. मोजणीचा आकडा मेसेजबरोबरच, त्याच कुलूपबंद पाकिटात प्रवास करतो. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असे ठरले. २०२२ पासून 'फॉरवर्डेड' पाटी असलेला कोणताही मेसेज एका वेळी एकाहून अधिक ग्रुपना पाठवता येत नाही.

परिणाम झाला का?

कंपनीच्या म्हणण्यानुसार पाचच्या मर्यादेनंतर जगभरातील एकूण फॉरवर्ड २५ टक्क्यांनी घटले आणि एप्रिल २०२० च्या बदलानंतर खूपदा फिरलेल्या मेसेजची संख्या ७० टक्क्यांनी कमी झाली. हे आकडे कंपनीचे आहेत, बाहेरच्या कोणी तपासलेले नाहीत, हे लक्षात ठेवलेले बरे. तरीही कोणताही मजकूर न वाचता, कोणालाही न अडवता, केवळ दोन-चार जादा टिचक्या मारायला लावून एवढी घट झाली असेल, तर आधीचे कित्येक फॉरवर्ड 'पाठवावेसे वाटले' म्हणून नव्हे, 'बाण समोर होता' म्हणून गेले, असेच म्हणावे लागेल.

ब्राझीलमधील मिनास जेराइस केंद्रीय विद्यापीठ आणि अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये भारत, ब्राझील आणि इंडोनेशियातील सार्वजनिक ग्रुपच्या माहितीवरून याचा अभ्यास केला. मर्यादेमुळे मजकूर पसरण्याचा वेग लक्षणीय मंदावतो, पण मजकूर फार संसर्गजन्य असेल तर तो अखेर पोहोचतोच, असा त्यांचा निष्कर्ष. मंदावणे म्हणजे काहीच नाही, असे मात्र नाही. अफवा चार तासांनी उशिरा पोहोचली तर तेवढ्यात पोलीस पाटील गावात येऊ शकतात, खुलासा पोहोचू शकतो.

ट्विटरने काय करून पाहिले?

रिट्विटचे बटण २००९ मध्ये आले. त्याआधी लोक दुसऱ्याचे ट्विट हाताने उतरवून पुढे टाकत. हे बटण बनवणाऱ्या चमूतील क्रिस वेदरेल यांनी दहा वर्षांनी त्याविषयी जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. २०२० मध्ये ट्विटरने उलटी वाट धरली. बातमीची लिंक न उघडता रिट्विट करणाऱ्याला 'आधी वाचायचे का?' अशी विचारणा सुरू केली. ती पाहिल्यावर लेख उघडण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढले, असे कंपनीने सांगितले.

पुढचा प्रयोग मात्र फसला आणि तो अधिक बोलका आहे. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ट्विटरने रिट्विट दाबताच स्वतःचे मत लिहिण्याची चौकट उघडायला सुरुवात केली. लोक थांबतील, विचार करतील, ही अपेक्षा. एकूण शेअरिंग २० टक्क्यांनी घटले. मतासह केलेली ट्विट वाढली, पण त्यांतील ४५ टक्क्यांत एकच शब्द होता. रिकामी चौकट दिसली, भरून टाकली. डिसेंबरमध्ये जुनी पद्धत परत आली. गती रोखणे पडद्याला जमते, विचार करायला लावणे जमतेच असे नाही.

न संपणाऱ्या पानाचे काय?

फॉरवर्डचा बाण हे एकटे उदाहरण नाही. इ-पेपरचे पान खालच्या कडेला संपते, पुढचे उघडायला बोट सरकवावे लागते. त्या क्षणी 'पुरे' म्हणायची संधी मिळते. रील्स, शॉर्ट्स किंवा फेसबुकच्या फीडला अशी कड नाही. न संपणाऱ्या स्क्रोलची ही रचना २००६ मध्ये आझा रास्किन यांनी मांडली आणि नंतर त्याबद्दल उघड खंत व्यक्त केली. त्यांचे वडील जेफ रास्किन यांनीच ॲपलमध्ये मॅकिंटॉश प्रकल्प सुरू केला होता.

भारतात पडद्यावरच्या अशा चलाखीकडे कायद्याचे लक्ष गेले ते खरेदीच्या वाटेने. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार नोंदवले आहेत. टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे, खोटी घाई दाखवणे, सदस्यत्व रद्द करण्याचे बटण दडवणे वगैरे. ग्राहकाचा पैसा जातो तिथले बटण नियमाच्या कक्षेत आले. अफवा जिथून जाते ते बटण अजून कंपनीच्या मर्जीवर आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत सरकारने वेगळाच मार्ग निवडला. गरज पडल्यास मेसेज प्रथम कोणी पाठवला ते कंपनीने सांगावे, असा तो नियम. एन्क्रिप्शन मोडल्याशिवाय हे शक्य नाही, असे म्हणत व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.

आता फटी कुठे उरल्या आहेत?

मजकूर कॉपी करून नव्या मेसेजमध्ये चिकटवला की पाटी जाते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. व्हिडीओ गॅलरीत उतरवून पुन्हा जोडला, तरी तेच. त्यामुळे दुहेरी बाण दिसला तर मेसेज खूप फिरला आहे हे नक्की, पण बाण नाही म्हणून तो ताजा किंवा ओळखीच्या माणसाचा आहे, असे समजता येत नाही. खूपदा फिरलेल्या मेसेजशेजारी भिंगाचे चिन्ह देऊन इंटरनेटवर पडताळणी करण्याची सोय कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये आणली. पहिल्या सात देशांत भारत नव्हता.

ग्रुपही तेवढे राहिलेले नाहीत. सदस्यसंख्येची मर्यादा २५६ वरून २०२२ मध्ये १,०२४ झाली. म्हणजे स्वतः टाकलेला नवा मेसेज पाच ग्रुपना पाठवला, तर आता १,२८० ऐवजी ५,१२० जणांपर्यंत जातो. गावाचा, सोसायटीचा किंवा शाळेचा मोठा ग्रुप चालवणाऱ्यांसाठी एक बटण उपयोगाचे आहे. ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' हा पर्याय २०१८ च्या जूनअखेरपासून उपलब्ध आहे. तो आपोआप चालू नसतो. तसेच फोटो-व्हिडीओ आपोआप उतरण्याची सोय सेटिंगमधील स्टोरेज आणि डेटा या भागात जाऊन बंद करता येते. मग व्हिडीओ पाहायचा तर आधी बोट लावावे लागते.

२०२३ पासून भारतात व्हॉट्सॲप चॅनेलही आले आहेत. नेते, देवस्थाने, क्रिकेट संघ, वृत्तपत्रे असे अनेक जण तिथे एकतर्फी मजकूर टाकतात आणि अनुयायांची संख्या लाखांत जाते. तिथल्या पोस्टच्या शेजारी फॉरवर्डचा बाण आहे. मात्र ती पोस्ट चॅटमध्ये पाठवली की चॅनेलचे नाव आणि त्याकडे नेणारा दुवा बरोबर जातो. ईमेलमध्ये जो माग आपोआप राहत असे, तो एवढ्यापुरता परत आला आहे. नातेवाइकाने नातेवाइकाला पाठवलेल्या व्हिडीओवर अजूनही एका फिकट पाटीशिवाय काही नसते.